जुन्या पांगुळगाड्यावरच्या रंगात शिसे असेल तर काय करावे?

रावपुऱ्याची आजी, वडोदरा

नमस्कार. आमच्या घरी माळ्यावर लहान मुलांच्या तीन जुन्या वस्तू आहेत आणि त्यांच्याविषयी मला जाणकारांचे मत हवे आहे. पहिली वस्तू सागवानी पांगुळगाडा. माझ्या सासऱ्यांनी तो १९६२ च्या सुमारास यजमानांसाठी दांडिया बाजारातील एका सुताराकडून करून घेतला होता आणि त्यानंतर घरात जे जे मूल चालायला लागले, त्याच्या वेळी या गाड्याला ऑइल पेंटचा एकेक नवा हात मिळत गेला. शेवटचा हात १९८९ मध्ये, माझ्या मुलाच्या वेळी. सध्या दांडा पिवळा आणि चाके हिरवी आहेत; जेथे पोपडे निघाले आहेत तेथे खाली तांबडा आणि त्याच्याही खाली पांढरा थर दिसतो. दुसरी वस्तू म्हणजे त्याच सुमारास घेतलेला संखेड्याचा पाळणा आणि तिसरी एक छोटी खुर्ची, जिचा रंग पांगुळगाड्याच्या उरलेल्या डब्यातलाच आहे.

माझी नऊ महिन्यांची नात संक्रांतीला पुण्याहून येणार आहे आणि तिचे बोरन्हाण येथेच करण्याचे ठरले आहे. तिच्यासाठी या वस्तू नव्याने रंगवाव्यात म्हणून मागच्या आठवड्यात रंगारी बोलावला. त्याने पडवीत बसून खुर्चीचे दोन पाय कोरड्या पॉलिश पेपरने घासायला घेतले. अर्ध्या तासाने सून बाहेर आली आणि तिने काम थांबवले, कारण जुन्या रंगात शिसे असते हे तिने कोठेतरी वाचले होते. तोपर्यंत फरशीवर पिवळी धूळ पसरली होती आणि माझा चार वर्षांचा नातू तेथेच मोटारी फिरवत बसला होता. मी लगेच पडवी झाडून काढली.

या रंगात शिसे आहे की नाही हे कसे कळेल? असल्यास रंग खरवडून काढावा, की वरून नवा हात देऊन झाकून टाकावा? यजमानांचा पांगुळगाड्यावर फार जीव आहे, त्यामुळे तो टाकून देण्याचा सल्ला शक्यतो शेवटी द्यावा, ही विनंती.

निवृत्त रसायनशास्त्री, अलकापुरी

आपण वर्ष सांगितलेत हे फार उपयोगाचे झाले. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाला कायद्याने मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यांनुसार रंगातील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा, म्हणजेच ९० पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये. त्याआधी प्रमाणके होती, पण ती पाळणे उत्पादकांच्या इच्छेवर होते. म्हणून १९६२ ते १९८९ या काळातील ऑइल पेंटमध्ये शिसे आहे असे धरूनच चालावे. तपासणी करायची ती ते नाही अशी खात्री करून घेण्यासाठी.

आपण सांगितलेल्या रंगांचा क्रमही बोलका आहे. पिवळ्या रंगासाठी त्या काळी सर्रास लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा क्षार, वापरत असत आणि त्यात निळा मिसळून हिरवा करीत, त्यामुळे पिवळा आणि हिरवा हे दोन्ही संशयित. सर्वांत खालचा पांढरा थर सफेत्याचा असू शकतो. सफेता बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, कालवून लाकडाला अस्तर देण्याची पद्धत जुनी आहे आणि मूळचा सफेता म्हणजे शिशाचाच क्षार होय. तांबड्याविषयी नुसते पाहून काही सांगता येत नाही. तो लोहाचा गेरूसारखा रंग असेल तर निर्धोक, पण शेंदूर असेल तर तेही शिसेच. याखेरीज ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणून शिशाचे क्षार घालीत असत, त्यामुळे रंगाची छटा कोणतीही असली तरी थोडेफार शिसे निघू शकते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब मांडतो. रंगात एक टक्का शिसे आहे असे समजू. पिवळ्या ऑइल पेंटच्या बाबतीत हे गृहीतक मुळीच अतिशयोक्त नाही. एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. अशा रंगाच्या ५० मिलिग्रॅम वजनाच्या एका पोपड्यात, जो नखाएवढाही नसतो, ५०० मायक्रोग्राम शिसे असते. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे ८ डेसिलिटर रक्त असते आणि ज्या पातळीला डॉक्टर आज दखल घेतात ती एका डेसिलिटरला ३.५ ते ५ मायक्रोग्रामची, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून २८ ते ४० मायक्रोग्रामची आहे. पोटात गेलेले सगळे शिसे रक्तात उतरत नाही, हे मान्य. तरीही दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आता तपासणी. बाजारात काडीने घासून पाहण्याचे संच मिळतात, ज्यांत शिसे असल्यास काडी गुलाबी किंवा लाल होते. मी त्यांवर विसंबू नये असे म्हणेन. ते फक्त वरचा थर पाहतात, तांबड्या रंगावर फसवतात आणि लेड क्रोमेट सहज विरघळत नसल्यामुळे नेमक्या पिवळ्या रंगाला निर्दोष ठरवू शकतात. कोणी सराफाकडील सोने तपासण्याचे यंत्र सुचवील. त्याचे तत्त्व रंगातील शिसे मोजणाऱ्या यंत्रासारखेच, क्ष-किरणांचे असले तरी ते मौल्यवान धातूंसाठी जुळवलेले असते, त्यामुळे लाकडावरील रंगाविषयी ते दाखवील त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. खात्रीचा मार्ग म्हणजे एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना देणे. रंगाचा एक लहान चौकोन पाण्याने ओला करून, नव्या ब्लेडने थेट लाकडापर्यंत सर्व थर एकत्र काढावेत, लाकूड त्यात येऊ देऊ नये, दांड्याचा आणि चाकांचा नमुना वेगळ्या पुड्यांत ठेवावा आणि ‘एकूण शिसे, मिलिग्रॅम प्रति किलो’ असे स्पष्ट लिहून मागावे. किती रंग लागेल हे आधी विचारून घ्यावे. साधारणतः अर्धा ते एक ग्रॅम पुरतो.

वाडीकर

मला हे सगळे जरा अति वाटते. आमच्या वाड्यातील पाच भावंडे अशाच पांगुळगाड्याचा दांडा चघळत मोठी झाली. त्यांपैकी दोघे अभियंते झाले आणि एक जण महाराजा सयाजीराव विद्यापीठातून प्राध्यापक म्हणून निवृत्त झाला. पूर्वी शिसे नव्हते काय?

बालरोगतज्ज्ञ, कारेलीबाग

वाडीकरांचा प्रश्न मला दवाखान्यातही दर आठवड्याला वेगवेगळ्या रूपांत ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. शिशाचा परिणाम बहुधा असा नसतो की मूल आजारी पडले आणि सर्वांच्या लक्षात आले. अंगात थोडे शिसे गेलेले मूल खाते, पिते, खेळते. फक्त त्याची आकलनशक्ती, एकाग्रता आणि वर्तन जसे व्हायचे त्याहून किंचित उणे राहते, आणि ते मूल शिशाविना कसे झाले असते हे कोणालाच पाहता येत नाही. प्राध्यापक झालेल्या भावाचे काय बिघडले, हा प्रश्न म्हणूनच निरुत्तर करणारा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका अशी आहे की रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणून ज्ञात नाही.

हा शोधही काही नवा नव्हे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ मध्येच दाखवून दिले होते की त्यांच्याकडे येणाऱ्या शिसेबाधित मुलांचे मूळ घराच्या व्हरांड्यातील रंगवलेल्या कठड्यांत आहे. कडक उन्हाने रंगाची भुकटी होत असे, मुले कठड्याला धरून उभी राहत आणि तेच हात तोंडात घालत. पांगुळगाड्याचा दांडा हा चालायला शिकणाऱ्या मुलाच्या नेमका हाताशी आणि तोंडाशी येणारा कठडाच आहे, आणि वडोदऱ्याचे ऊन ब्रिस्बेनपेक्षा सौम्य नाही.

आजी, आपल्या नातवाविषयी. घाबरण्याचे कारण नाही, पण रक्ताची तपासणी करून घ्यावी. तपासणी शिरेतून घेतलेल्या रक्ताचीच असावी. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो. केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नयेत. आकडा ५ मायक्रोग्रामच्या वर आला तर कारण शोधून दूर करणे आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजणे, एवढाच बहुतेक वेळा उपचार असतो. शिसे बाहेर काढणारी औषधे साधारण ४५ च्या पुढे विचारात घेतली जातात आणि ती रुग्णालयातच द्यायची असतात. घरगुती काढे किंवा ‘डिटॉक्स’ म्हणून विकली जाणारी चूर्णे देऊ नयेत, कारण काही चूर्णांत आणि भस्मांतच शिसे असते. त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडे शिसे अधिक ओढून घेते, आणि मुळात लहान मूल पोटात गेलेल्या शिशाचा मोठ्या माणसाच्या चार-पाच पट हिस्सा शोषते. जाता जाता, देवघरात शेंदूर लावलेली मूर्ती मुलाच्या हाताला लागेल इतकी खाली असेल तर तीही वर ठेवावी.

नऊ महिन्यांच्या नातीसाठी पाळण्याचा प्रश्न तर माझ्या मते उद्भवतच नाही. मूल बसू लागले, कडेला धरून उठू लागले, की ते पाळण्यातून पडते. तेथे शिसे असो वा नसो.

खरादकाम

माझा फर्निचर दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे आणि लाकडावरचे जुने रंग उतरवण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. त्यांतील पहिली बारा मी सगळे चुकीचे केले. बंद गाळ्यात सँडरने, म्हणजे घासण्याच्या यंत्राने, पाळणे घासायचो आणि संध्याकाळी त्याच कपड्यांनी घरी जाऊन मुलीला उचलून घ्यायचो. पुढे एका ग्राहकाने आग्रहाने माझे रक्त तपासायला लावले, तेव्हा आलेला आकडा मी येथे लिहीत नाही.

म्हणून सर्वांत आधी पडवीविषयी लिहितो. रंग लाकडावर अखंड चिकटलेला असतो तोपर्यंत तो फारसा त्रास देत नाही; त्याची धूळ झाली की तो घरभर होतो. तुम्ही झाडू मारलात त्याने धूळ गेली नाही, तिच्यातील जाड भाग गेला आणि बारीक भाग हवेत उडून पुन्हा खाली बसला. साधा व्हॅक्यूम क्लीनरही हेच करतो, कारण बारीक कण त्याच्या पिशवीतून आरपार मागच्या बाजूने बाहेर पडतात. आता पडवी, खिडक्यांचे गज, उंबरा आणि दाराच्या आतली दोन-तीन हात जागा साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावी. एक बादली साबणाच्या पाण्याची आणि दुसरी फडके खंगाळण्याची ठेवावी, पाणी वरचेवर बदलावे, ते तुळशीत किंवा बागेत न ओतता शौचालयात टाकावे आणि फडकी धुवून पुन्हा न वापरता फेकून द्यावीत. असे दोन-तीन दिवस सलग करावे. नातवाच्या मोटारी धुवाव्यात. पायपुसणे फेकून द्यावे, ते धुऊन निघत नाही.

आता वस्तूंविषयी. तुम्ही तिन्ही वस्तूंविषयी एकच प्रश्न विचारला आहे, पण उत्तरे तीन आहेत.

खुर्ची अर्धी घासलेली असल्यामुळे ती सर्वांत धोक्याची आहे. तिला ओल्या फडक्याने पुसून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावे आणि नमुन्याचा निकाल येईपर्यंत उघडू नये. खरे सांगायचे तर तिच्यात जीव अडकलेला नसेल तर ती जाऊ द्यावी. मात्र जुन्या सामानवाल्याला देऊ नये, कारण ती दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाखाली जाईल, आणि बंबात किंवा होळीत तर मुळीच घालू नये. रंगासकट लाकूड जाळले की शिसे धुरातून आणि राखेतून परत घरात येते, आणि बंबाची राख आपल्याकडे अजून कोणी कोणी भांडी घासायला वापरते.

संखेड्याच्या पाळण्याची गोष्ट वेगळी आहे. संखेडे येथून सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि तेथील खरादी-सुतारांची जुनी पद्धत ऑइल पेंटची नव्हे. कथील कुटून सरसात कालवायचे, त्याने नक्षी काढायची, अकिकाच्या दगडाने घोटायचे आणि वरून लाख चढवायची. लाखेच्या पिवळसर झाकेमुळे खालचे रुपेरी कथील सोन्यासारखे दिसते. तुमचा पाळणा त्या पद्धतीचा आहे की नंतर कोणी त्यावर ऑइल पेंट फिरवला आहे, हे घरीच कळू शकते. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर टेकवून ठेवा. लाख असेल तर ती चिकट होऊन कापसाला लागेल. वाळलेला ऑइल पेंट तसाच राहील. लाख निघाली म्हणजे शिसे नाही असा मात्र अर्थ घेऊ नका, कारण लाखेत किंवा तिच्याखाली कोणते रंगद्रव्य घातले होते हे ती चाचणी सांगत नाही. डॉक्टरांनी म्हटल्याप्रमाणे मूल त्यात झोपणारच नसेल, तर तो पाळणा खरवडणे हा गुन्हा ठरेल. त्याला ओले फडके फिरवा आणि कोपऱ्यात शोभेला ठेवा.

राहिला पांगुळगाडा. वरून नवा हात देऊन झाकण्याची युक्ती भिंतीवर चालू शकते, पण जेथे मूल दात लावणार आणि जेथे चाक आसावर घासणार, तेथे ती चालत नाही. पोपडे आलेल्या रंगावर नवा रंग बसवला तर तो खालच्या पोपड्यासकट निघतो. म्हणजे एकतर पूर्ण लाकडापर्यंत उतरवायचा, नाहीतर मुलाच्या हाती द्यायचा नाही. अधलामधला मार्ग मला तरी ठाऊक नाही.

उतरवायचाच असेल तर कोरडा पॉलिश पेपर, सँडर, ब्लो लॅम्प (ज्वाळेने रंग जाळून काढण्याचा दिवा) यांपैकी काहीही नको. ब्लो लॅम्पने रंगाबरोबर शिशाचाही धूर होतो. मोकळ्या जागेत, वारा नसताना, खाली जाड प्लॅस्टिक अंथरून पेंट रिमूव्हर लावावा, रंग फुगला की ओलसर असतानाच बोथट पात्याने काढून तो थेट पिशवीत टाकावा, आणि सगळे थर निघेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते आणि त्याच्या वाफेने बंद खोलीत माणसे दगावलेली आहेत, हे काम घेणाऱ्याला आधी सांगावे. कॉस्टिक सोड्याने रंग निघतो, पण सागवान काळे पडते. शेवटचा हात पाण्यातल्या पेपरने, लाकूड सतत ओले ठेवून द्यावा. नीट बसणारा एन-९५ मास्क आणि हातमोजे लागतीलच, पण तो मास्क धुळीसाठी आहे, रिमूव्हरच्या वाफेला तो अडवत नाही. कपडे तेथेच बदलावेत आणि वेगळे धुवावेत. घरात कोणी गरोदर असेल तर तिने आणि मुलांनी त्या दिवशी घरातच असू नये. खरवड दोन पिशव्यांत बांधून घरगुती घातक कचऱ्यात द्यावी. ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नये.

नंतर वर काय लावायचे हा प्रश्न सोपा आहे. चपड्याचे, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे, स्पिरिट पॉलिश लावून वर मधमाशीचे मेण फिरवले की सागवानाला दुसरे काही लागत नाही. बेलतेल नको, कारण त्यात वाळवणीचे धातूक्षार असतात. रंगच हवा असेल तर पाण्यात मिसळणारा घ्यावा आणि शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा उल्लेख डब्यावर वाचून घ्यावा.

रावपुऱ्याची आजी, वडोदरा

सर्वांची ऋणी आहे. पडवी तीनदा पुसून झाली, पायपुसणे गेले आणि आज सकाळी नातवाचे रक्त दिले. निकाल चार दिवसांनी येईल. पाळण्याला कापूस लावून पाहिला, तो चिकट झाला. आता तो दिवाणखान्यात उंचावर राहील आणि त्यात कोणी झोपणार नाही. खुर्चीवर वाद झाला नाही.

पांगुळगाड्यावर मात्र झाला. यजमानांचे म्हणणे असे की रंग काढून त्याचे नागडे लाकूड केले तर तो त्यांच्या वडिलांनी केलेला गाडा राहणार नाही, आणि रंग ठेवला तर नातीला देता येणार नाही, मग ठेवायचा कशासाठी? शेवटी त्यांनीच तोड काढली की चाकाच्या आतल्या बाजूस, जेथे हात पोहोचत नाही, तेथे बोटभर जागी जुना रंग राहू द्यावा. असे केलेले चालेल काय? आणि हे काम आमच्या गच्चीवर संक्रांतीच्या आत उरकता येईल काय?

खरादकाम

बोटभर रंग ठेवायचा असेल तर तो आसापासून दूर, चाकाच्या सपाट भागावर ठेवावा. तो घट्ट बसलेला असेल, कडा सुटलेल्या नसतील आणि त्यावर चपड्याचे तीन-चार हात चढवले तर माझी हरकत नाही. दर वर्षी एकदा भिंग घेऊन त्याला तडा गेला आहे का ते पाहावे. गाडा वापरायचा नसेल तेव्हा माळ्यावर न टाकता कापडात गुंडाळून ठेवावा, कारण पत्र्याखालच्या उष्णतेने चपडा मऊ पडतो.

गच्चीवर संक्रांतीच्या आत मुळीच नको. डिसेंबरपासून गल्लीतील सगळी मुले पतंग घेऊन गच्च्यांवर असतात आणि उत्तरायणाला तर अख्खे घर तेथे जेवायला बसते. त्या फरशीवर खरवड सांडायला नको. नातीचे बोरन्हाण गाड्याविना होऊ द्या. ती तेव्हा अकरा महिन्यांचीही झालेली नसेल, चालणार आहे मार्चमध्ये. तोपर्यंत नमुन्याचा निकालही हाती येईल आणि मलाही वेळ मिळेल. फेब्रुवारीत गाडा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्याकडे पाठवून द्या.

वाडीकर

आमचा पांगुळगाडा सध्या पुतण्याच्या मुलाकडे आहे. तोही पिवळाच आहे. नमुना देण्यासाठी चौकोन किती मोठा काढावा लागेल?

निवृत्त रसायनशास्त्री, अलकापुरी

प्रयोगशाळेने मागितलेले वजन भरेल एवढा. मूल जवळ नसताना काढावा, आणि रंग ओला करायला विसरू नये.